खेळ कोणाचा आणि नफा कोणाचा?

हिशेबाचा पहिला धडा मी कॉलेजात शिकलो नाही. तो शहापुरातल्या मामांच्या किराणा दुकानात शिकलो. शाळेला सुट्टी लागली की मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसून खतावणी उतरवून काढीत असे. माझे सारे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. त्यामुळे ‘नावे’ आणि ‘जमा’ हे शब्द आधी आले, आणि ‘डेबिट’ व ‘क्रेडिट’ पुढे कॉलेजात इंग्रजीतून भेटले. मामांचे एक म्हणणे असे : ज्या अर्थी एकाच्या नावे रक्कम पडली, त्या अर्थी ती दुसऱ्या कोणाकडे तरी जमा झालीच पाहिजे. ती जमा सापडेपर्यंत वही मिटायची नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात माझ्या रूम पार्टनरच्या नावे सहा हजार चारशे रुपये पडले. तो खानापूर तालुक्यातला. घरी भाताची थोडी शेती. त्या रकमेत मेसचे दोन महिन्यांचे पैसे होते आणि परीक्षेची फी होती. पैसे चोरीस गेले नाहीत की दुखण्याखुपण्यात खर्च झाले नाहीत. मोबाइलवर रोज संध्याकाळी अकरा क्रिकेटपटूंचा कागदी संघ लावायचा, पन्नास रुपये भरायचे आणि नशीब उघडण्याची वाट पाहायची, त्या खेळात ते गेले. सांगायला संकोच वाटतो, पण त्याचा पहिला संघ मीच लावून दिला होता. ‘तू कॉमर्सचा, तुला सरासरी कळते,’ असे तो म्हणाला आणि मी फुशारलो.

ती रक्कम जमा कोणाकडे झाली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचे उत्तर शोधताना या खेळाचा उगम कोठे झाला हे वाचत गेलो आणि थेट न्यूयॉर्कच्या एका हॉटेलापर्यंत पोहोचलो. तिथली हकिकत वाचकांसमोर ठेवतो आणि मग माझे मत सांगतो.

डॅनियल ओक्रेंट हे एक अमेरिकन लेखक-संपादक. पुढे २००३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वाचकांच्या तक्रारी तपासण्यासाठी जे पद निर्माण केले, त्यावर पहिली नेमणूक त्यांचीच झाली. १९७९ च्या हिवाळ्याच्या सुमारास त्यांनी एक खेळ योजला. आपण काही मित्रांनी मिळून बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा लिलाव करायचा, प्रत्येकाने आपला संघ विकत घ्यायचा, आणि ते खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर जे करतील त्या आकड्यांवरून आपल्या कागदी संघांचा क्रम लावायचा. मॅनहॅटनमधील ‘ला रोटिसेरी फ्रांसेझ’ नावाच्या उपाहारगृहात ही मंडळी जेवायला जमत. तिथेच बेत ठरला, म्हणून लीगचे नाव ‘रोटिसेरी लीग’ पडले. आपल्याकडे कट्ट्यावर मंडळ स्थापन होते, त्यांच्याकडे जेवणाच्या टेबलावर झाले, एवढाच फरक!

कल्पनेचे बीज मात्र त्याहून जुने. १९६० साली विल्यम गॅम्सन या समाजशास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये सहकाऱ्यांसह असाच एक खेळ चालू केला होता. वर्गणी दहा डॉलर. विद्यापीठात जुगार चालतो असे कोणी म्हणू नये म्हणून त्याला ‘बेसबॉल सेमिनार’ असे भारदस्त नाव दिले होते. पुढे तो मिशिगन विद्यापीठात गेला, तिथे रॉबर्ट स्क्लार हे प्राध्यापक त्यात सामील झाले, आणि ओक्रेंट त्यांचे विद्यार्थी. १९८० च्या रोटिसेरी लीगमध्ये स्क्लारही उतरले. म्हणजे गुरु आणि शिष्य एकाच लिलावात एकमेकांवर बोली चढवीत होते. आमच्या प्राध्यापकांनी हे वाक्य जरा लक्षपूर्वक वाचावे, अशी नम्र विनंती.

आता नियम. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या शाखा आहेत. त्यांपैकी ‘नॅशनल लीग’ या एकाच शाखेतले खेळाडू यांनी घ्यायचे ठरवले. मालक दहा. पुढे रूढ झालेल्या नियमांप्रमाणे प्रत्येकाला २६० डॉलरच्या मर्यादेत २३ खेळाडू घ्यावे लागतात : चौदा फलंदाज आणि नऊ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. जो एका नामवंतावर ४० डॉलर उधळतो, त्याला उरलेल्या बावीस जागा २२० डॉलरमध्ये भराव्या लागतात. अर्थशास्त्राच्या तासाला ‘संधी-खर्च’ ही कल्पना आम्ही परीक्षेपुरती पाठ करतो. या लिलावात ती पाठ करावीच लागत नाही. चुकलात की सहा महिने ती तुम्हाला भोगावी लागते.

गुणांची पद्धत आठ बाबींवर उभी होती. फलंदाजीच्या चार : सरासरी, होमरन, आपल्या टोल्यावर इतरांना घरी आणून मिळवलेल्या धावा, आणि चोरलेले बेस, म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या टप्प्यावर धाव घेणे. पिचरच्याही चार : जिंकलेले सामने, ‘सेव्ह’, म्हणजे शेवटी येऊन राखून दिलेले विजय, नऊ डावांमागे दिलेल्या धावा, आणि दर डावामागे सरासरी किती फलंदाजांना त्याने बेसवर पोहोचू दिले ते प्रमाण. हे शेवटचे प्रमाण ओक्रेंट यांनी या खेळासाठीच काढले आणि पुढे खऱ्या बेसबॉलच्या तक्त्यांतही ते स्थिरावले. प्रत्येक बाबीत पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. एकूण ऐंशीपैकी ज्याला जास्त गुण तो विजेता.

हे वाचताना मला प्रथम कंटाळा आला, हे कबूल करतो. पण १९८० च्या हंगामाचे खरे आकडे समोर ठेवले आणि खेळातली गंमत लक्षात आली. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटने ४८ होमरन मारले. त्याच्यावर सगळ्यांचेच लक्ष असणार. पण पिट्सबर्गचा ओमार मोरेनो घ्या. त्याची सरासरी .२४९, म्हणजे बेताचीच, आणि होमरन सबंध वर्षात फक्त दोन. वर्तमानपत्राच्या मथळ्यात येणारा हा माणूस नव्हे. तथापि त्याने ९६ बेस चोरले. त्याच्याहून एकच अधिक, ९७, माँट्रियलच्या रॉन लफ्लोरने चोरले. रोटिसेरीच्या वहीत बेस चोरण्याला होमरनइतकेच गुण असल्यामुळे असा एक खेळाडू आपल्या मालकाला एका बाबीत जवळजवळ एकट्याने वर काढू शकतो.

याच्या उलट जॉर्ज फॉस्टर. सिनसिनाटीच्या या फलंदाजाने १९७७ मध्ये ५२ होमरन मारले होते. १९८० मध्ये त्याचे होमरन २५ झाले. ओक्रेंट यांनी १९८१ च्या मे महिन्यात एका क्रीडा-मासिकात या लीगवर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचाच आशय असा होता की, ज्या वर्षी जॉर्ज फॉस्टर ३६ डॉलरच्या लायकीचा ठरला नाही, त्या वर्षाची ही गोष्ट. खरेदीच्या वेळी लोक गेल्या वर्षाची कीर्ती विकत घेतात आणि उपयोग मात्र पुढच्या वर्षी हवा असतो. जुन्या किमतीने मालमत्ता दाखवणारा ताळेबंद कसा फसवतो, हे आम्हाला पुस्तकातून शिकवतात. त्या दहा जणांनी ते पदरमोड करून शिकून घेतले.

हंगाम एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत. प्रत्येक खऱ्या संघाचे १६२ सामने. घरोघर संगणक नव्हते. छापील तक्त्यांतले आकडे पाहायचे आणि हाताने बेरजा करायच्या. त्या वर्षी खऱ्या मैदानावर फिलाडेल्फिया फिलीज हा संघ आपल्या इतिहासात प्रथमच जागतिक विजेता झाला. १८८३ साली स्थापन झालेला संघ, म्हणजे वाट पाहण्यात जवळजवळ शंभर वर्षे गेली. आणि इकडे कागदी मैदानावर विजेता ठरला ‘गेदर्सवॅग गोनर्स’.

या नावाची फोड मजेदार आहे. पीटर गेदर्स आणि ग्लेन वॅगोनर हे दोघे या संघाचे भागीदार. दोघांची आडनावे जोडून मधेच तोडली की हे नाव तयार होते, आणि ‘गोनर’ म्हणजे ज्याची आशा सोडावी असा इसम! पहिल्या वर्षी भागीदारी पेढी जिंकली, ही गोष्ट भागीदारी कायदा शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना सुखावणारी आहे. ओक्रेंट यांच्या संघाचे नावही असेच, जॉर्जिया राज्यातल्या ओकेफिनोकी नावाच्या दलदलीवरून केलेले : ‘ओक्रेंट फिनोकीज’. विजेत्याचा सन्मान कसा करायचा, तर त्याच्या डोक्यावर ‘यू-हू’ नावाच्या चॉकलेटी पेयाची बाटली ओतायची, अशी प्रथा या लीगने पाडली. हार नाही, शाल नाही, श्रीफळ नाही.

आता या कथेतला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगतो. ज्याने खेळ योजला, नियम केले, नवे प्रमाण शोधून काढले, त्या ओक्रेंट यांना आपल्या या लीगचे विजेतेपद कधीच मिळाले नाही. नियम त्यांचे आणि विजय दुसऱ्यांचे!

लीग वाढली कशी, तेही थोडक्यात सांगतो. १२ जून १९८१ पासून अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंनी संप केला. पन्नास दिवस सामने बंद, ७१३ सामने रद्द. क्रीडा-पत्रकारांना लिहायला विषय राहिला नाही, तेव्हा कित्येकांनी या कागदी लीगवर लिहिले. १९८४ मध्ये वॅगोनर यांच्या संपादनाखाली नियमांचे पुस्तक निघाले आणि गावोगावी अशा लीग निघाल्या. ‘रोटिसेरी’ हे नाव या मंडळींनी नोंदवून ठेवले होते, म्हणून इतरांनी ‘फँटसी’ हा शब्द वापरायला सुरुवात केली. नावावर हक्क सांगता येतो, खेळाच्या कल्पनेवर सांगता येत नाही. पुढे इतरांनी या कल्पनेवर मोठमोठे धंदे उभारले आणि ती शोधून काढणारी मंडळी त्यामानाने बाजूलाच राहिली.

येथे कोणी म्हणेल, ‘अरे, पण त्या लीगमध्येही पैसा होताच ना?’ होता. हे लपवले तर माझा लेख लबाडीचा होईल. प्रत्येक मालक खरे डॉलर घालत असे आणि हंगामाअखेर ते वरच्या क्रमांकांत वाटले जात. आमच्या आजीच्या भाषेत तो जुगारच. दुसराही एक दोष त्या खेळात पहिल्यापासून आहे. माणूस आपल्या गावच्या संघाचा पाठीराखा असतो, आणि वहीत मात्र विरुद्ध संघाचा पिचर आपला असतो. मग टाळी कोणासाठी वाजवायची? निष्ठेचे असे दोन तुकडे १९८० सालीही पडत होते.

तरीही मला तो खेळ आणि माझ्या मित्राचे पैसे गिळणारा खेळ यांत मूलभूत फरक दिसतो, आणि तो फरक वहीच्या भाषेत सांगता येतो. दहा मालकांच्या लीगमध्ये दहांच्या नावे जे पडले तेच त्या दहांतल्या काहींकडे जमा झाले. बाहेर काही गेले नाही. ज्याने नियम केले त्याच्याही नावे रक्कम पडली, इतरांसारखीच. आता दुसरी वही पाहा. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी पन्नास रुपये भरले. जमा झाले पाच हजार. त्यांतून बक्षिसे वाटली चार हजार दोनशेची. उरलेले आठशे खेळ चालवणाऱ्याचे. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आठशे. सातव्या सामन्याअखेर त्याच्याकडे पाच हजार सहाशे रुपये जमा, म्हणजे पहिल्या दिवशी शंभर जणांनी मिळून भरलेल्या रकमेहून अधिक. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रमाण थोडे कमी-अधिक धरा, पण रीत हीच. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता. तोही शेवटी खेळाडूंनी भरलेल्या पैशांतूनच जाणार. शंभरांतला एखादा जिंकतो, त्याचा फोटो जाहिरातीत छापला जातो. मालकाचा फोटो कधी छापला जात नाही, कारण तो रोजच जिंकतो.

ओक्रेंट खेळले आणि हरले. आजचा मालक खेळत नाही, म्हणून हरत नाही. माझ्या मते ज्या खेळात नियम करणारा हरूच शकत नाही, त्याला खेळ म्हणू नये. ते दुकान आहे. दुकानाला माझा विरोध नाही, मी दुकानातच वाढलो. पण मामांनी मीठ विकताना ‘या, आपण खेळू’ असे गिऱ्हाइकाला कधी सांगितले नाही.

अमेरिकेतही हा प्रश्न उभा राहिला. २००९ नंतर तिथे सबंध हंगामाऐवजी एका दिवसात निकाली लागणाऱ्या पैशांच्या फँटसी स्पर्धा फोफावल्या. २०१५ साली अशा एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्धी कंपनीच्या स्पर्धेत साडेतीन लाख डॉलर जिंकले आणि गदारोळ झाला. त्याने आतली माहिती वापरल्याचे काही सिद्ध झाले नाही, हे सांगणे न्यायाचे आहे. पण त्यानंतर कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांना असे खेळ खेळायला मनाई करावी लागली. कोठे १९८० चा संस्थापक, जो सर्वांसमोर लिलावात बसत होता, आणि कोठे हा धंदा, जिथे आतल्या माणसाने खेळणे हेच संशयास्पद ठरले!

आपल्या देशात वाद निराळ्याच दिशेने गेला. प्रश्न असा मांडला गेला की, हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचे खेळ मानले होते. तोच धागा धरून २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी खेळाला कौशल्याच्या बाजूला ठेवले. आपल्या कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला त्याने मनाई केली, आणि मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे सामने बंद केले.

माझा मित्र मात्र त्याआधीच बुडाला होता.

‘कौशल्य की नशीब’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कौशल्य आहेच. मोरेनो घ्यावा की फॉस्टर, हे ठरवायला डोके लागते. पण ते दिसून यायला वेळ लागतो आणि समोर ओळखीचा प्रतिस्पर्धी लागतो. १६२ सामन्यांत योगायोग एकमेकांना खोडून काढतात आणि निवडीचा कस लागतो. एका संध्याकाळच्या सामन्यात एक झेल सुटला की सारे गणित फिरते. त्यातून समोर लाखो अनोळखी माणसे, आणि त्यांतली काही एकाच सामन्यात ढिगाने संघ उतरवणारी. त्यांच्यापुढे खानापूरच्या मुलाचा एक संघ म्हणजे समुद्रात सोडलेली कागदी होडी. म्हणून खरा प्रश्न असा विचारावा : या खेळात नियम करणारा माझ्याशेजारी बसून खेळतो का? तो हरू शकतो का? मी हरलो तर माझे पैसे कोणाकडे गेले, हे मला दिसते का?

३ जून २०२५ ची रात्र मी विसरणार नाही. अठराव्या हंगामात बेंगळुरूचा संघ प्रथमच आयपीएलचा विजेता झाला. सबंध होस्टेल व्हरांड्यात उतरले होते. मराठी मुले, कन्नड मुले, कोण कोणाच्या गळ्यात पडत होते ते कळत नव्हते. माझा रूम पार्टनर शाळेत असल्यापासून त्या संघाचा भक्त. त्याच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तेच लाल रंगातले खेळाडू. मी त्याला शोधत खोलीत आलो तर तो खाटेवर मोबाइल धरून बसलेला. शेवटचे तीनशे रुपये त्याने लावले होते आणि पंजाबच्या एका खेळाडूला आपल्या संघाचा कर्णधार केले होते. कर्णधाराचे गुण दुप्पट म्हणून! त्याचा संघ जिंकला होता आणि त्याला हसता येत नव्हते. बाहेरून हाका येत होत्या. तो एकच शब्द बोलला, ‘साकु.’ कन्नडमध्ये याचा अर्थ ‘पुरे’, हे बेळगावात कोणाला सांगायला नको. तो मराठी घरातला मुलगा, पण त्या वेळी त्याच्या तोंडून हाच शब्द आला.

मग रकमेचा उलगडा झाला. फी आम्ही चौघांनी मिळून भरली. त्याने ती भाताच्या सुगीनंतर फेडली. मी चौघांत होतो म्हणून माझा दोष फिटतो असे मी समजत नाही. सरासरी मला कळत होती, तर आठशे रुपये कोठे जातात हे त्याला पहिल्याच दिवशी सांगणे माझे काम होते. मी फक्त अकरा नावे सुचवली.

कायदा झाल्यावर एक सद्गृहस्थ म्हणाले, ‘चला, बंदी आली, विषय संपला.’ विषय इतका सहजासहजी संपत नसतो. सट्टा गल्लीबोळांत पूर्वीपासून आहे आणि मोबाइलवर परदेशी दुकानेही उघडता येतात. बंदीला माझा पाठिंबा आहे, पण बंदीने दुकान बंद होते, हिशेब शिकवला जात नाही. शिवाय ज्या ओढीने मुले त्या खेळाकडे गेली ती ओढ वाईट नव्हती. आकड्यांवरून माणसाचा खेळ ओळखणे, मर्यादित पैशांत संघ बांधणे, मित्राशी वाद घालणे, यांत गैर ते काय? गैर होते ते मधे बसलेले दुकान.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही आठ जणांनी होस्टेलच्या खोलीत एक लिलाव केला. चार मराठी, चार कन्नड. पैसे नाहीत, प्रत्येकाला कागदावरचे २६० गुण. खेळाडू रणजी सामन्यांतले, तेही कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन संघांतलेच, पहिल्या टप्प्यापुरते. अट एकच : शेवटच्या क्रमांकाने सर्वांना कुंदा द्यायचा. नियम मी लिहिले, मराठीतून. पलीकडच्या खोलीतल्या मित्राने ते कन्नडात उतरवले आणि उतरवताना दोन चुका काढल्या. लिलावात एक गंमत झाली. महाराष्ट्राच्या गोलंदाजांवर कन्नड मुलांच्या बोली चढल्या आणि कर्नाटकाच्या फलंदाजांसाठी आम्ही मराठी मुले गुणांची उधळपट्टी करून बसलो. निष्ठेचे तुकडे इथेही झाले म्हणा ना. पण पलीकडच्या संघातल्या मुलाचे धावफलक महिनाभर रोज उघडून पाहिले की तो पलीकडचा राहत नाही, हेही अनुभवास आले.

वही ठेवायचे काम आम्ही माझ्या रूम पार्टनरला दिले. तो आधी नको म्हणाला. मग त्याने ती अशी ठेवली की आमच्या मामांनी पाठ थोपटली असती. रोज रात्री आठही जणांचे गुण भिंतीवर लागत. कोणाचा कोठे तोटा झाला आणि तो कोणाच्या पदरात पडला, हे सर्वांना दिसे. नियम करणारा मी आठ जणांत सहावा आलो. ओक्रेंट साहेबांचे दुःख मला त्या दिवशी कळले, आणि बरेही वाटले.

प्राध्यापक महोदयांना माझी एक सूचना आहे. ‘संधी-खर्च’ आणि ‘मूल्यांकन’ हे पाठ शिकवताना एकदा वर्गात असा लिलाव घ्या आणि स्वतःही बोली लावा. विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे की, कोणी खेळायला बोलावले तर आधी वही मागा. नावे कोणाच्या आणि जमा कोणाकडे, हे ज्या वहीत दिसत नाही, तिच्यात आपले नाव घालू नका.

आमच्या लीगमधला आठवा क्रमांक अजून कुंदा द्यायचा आहे. वहीत तेवढी एक रक्कम येणे बाकी दिसते.

— बी. कॉम. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी